वरच्या खोलीची जमीन

लॅमिनेटच्या जमिनीवर पाणी ओतायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तीनदा सांगितलं होतं. सुनेनं दोनदा, आणि जमीन बसवायला आलेल्या मिस्त्रीनं एकदा. तिन्ही वेळा मी मान डोलवली होती. पण मान डोलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना "ऐका रे, ऐका" म्हणून ओरडलेल्या बाईला स्वतःला ऐकायची सवय कुठून असणार?

आधी घराचं सांगते. आमचं घर महाळुंगे पडवळला, गावठाणाच्या जरा बाहेर, मळ्यात. खाली तीन खोल्या शहाबादी फरशीच्या, वर एक खोली आणि गच्ची. दोन वर्षांपूर्वी आमचे मालक गेले. छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मुलाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा चाकणच्या कंपनीत आहे, पहाटे मंचरला जाऊन कंपनीची बस धरतो. सून जुन्नरची, शिकलेली. तिचं ऑफिस पुण्याला, पण काम बहुतेक घरूनच, कॉम्प्युटरवर. लग्न ठरलं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं की चाकणला फ्लॅट भाड्यानं घ्यायचा. माझी त्याला हरकत नव्हती. मालक होते, दोन म्हशी होत्या, भांडायला हक्काचं माणूस होतं. मला काय कमी होतं?

ते गेल्यावर फ्लॅटचा विषय कुणी काढला नाही. तेरावं झालं, पावणे पांगले, आणि एक दिवस चहा घेता घेता सून म्हणाली, "आई, आम्ही इथंच राहतो. मला फक्त वरची खोली माझ्या मनासारखी करू द्या. कामाला."

मी म्हणाले, "कर की. माझी कुठं ना हाय?"

झालं, एवढंच. राहा म्हणून मी सांगितलं नाही, राहिलीस ते बरं झालं असंही म्हणाले नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पद्धतीचा काही संबंध नाही. मला मागायला येत नाही, हे खरं. उभ्या आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही याचा मला केवढा ताठा. पण त्या दिवशी ती कप विसळायला आत गेली तेव्हा मी पदरानं डोळे पुसले, हेही खरं.

मनासारखी म्हणजे रंगबिंग देईल असं मला वाटलं होतं. तिनं आणली फळ्यांची जमीन. कारण विचारलं तर म्हणाली, पाय गार पडतात. ते मात्र मला पटलं. आमच्याकडं पौषात शहाबादीवर अनवाणी पाय ठेवला तर कळ थेट मस्तकात जाते, आणि हिला दिवसभर टेबलाशी बसायचं.

आळेफाट्याच्या दुकानातून दोन मिस्त्री आले. सिमेंट नाही, वाळू नाही, खिळासुद्धा नाही. आधी पातळ फोमचा कागद पसरला, मग एका फळीची कड दुसरीच्या खाचेत तिरकी घालायची आणि खाली दाबायची. टक् असा आवाज आला की बसली. सकाळी आले आणि संध्याकाळच्या चहाला मोकळे. भिंतीच्या कडेनं मात्र बोटभर जागा सोडलेली. मी लगेच विचारलं, माप चुकलं का. मोठा मिस्त्री हसला. "चुकलं न्हाई मावशी. ह्या फळीला फुगायला जागा लागती. आता वरून पट्टी मारली की दिसायची बी न्हाई. फकस्त पाणी दाखवू नका तिला." ही ती तिसरी वेळ.

माझी थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती जमीन बघायला आली. वाकून नखानं टोकरलं आणि म्हणाली, "ही कागदाची फरशी गं बाई." तशी ती खोटं बोलली नव्हती. भुसा दाबून केलेली फळी, वर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक थर. पण ती हसली त्यापेक्षा मी जास्त हसले, सुनेला ऐकू जाईल एवढं हसले. सुनेनं जावेला चहा दिला.

मग सुरू झालं तिचं त्या जमिनीचं करणं. मी सासू, खोट काढणं हा माझा हक्क. रोज काही ना काही निमित्त काढून मी वर जायची आणि बघत बसायची. सकाळी कामाला बसायच्या आधी ती मऊ कुंच्याचा झाडू फिरवायची, तोही फळीच्या लांबीनं, आडवा नाही. दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक. मळ्यातलं घर म्हटलं की पायाला खडे-माती आलीच. एक खडा खुर्चीच्या पायाखाली आला तर काचेवर ओरखडा निघावा तसा निघतो, म्हणून ती झाडल्यावर हाताचा तळवा फिरवून बघायची. आठवड्यातून दोनदा ओलं फडकं. ओलं म्हणायचं आपलं. इतकं पिळलेलं की त्यातून थेंब पडत नसे. पुढं पुसत जायचं आणि मागं वळून बघेपर्यंत जमीन वाळलेली असली पाहिजे, नाहीतर पाणी जास्त झालं असं समजायचं. फिनेल नाही, साबण नाही, त्यानं वर पडदा धरतो म्हणे. मी एकदा हळदीची वाटी घेऊन वर गेले आणि नेमकी सांडली. ती धावली नाही, ओरडली नाही. आधी कोरडी हळद कागदावर उचलली, मग कापसाला स्पिरिट लावून तो डाग बाहेरून आत पुसत आणला. पाच मिनिटांत नामोनिशाण राहिलं नाही. शहाबादीवर सांडली असती तर आजही पिवळा डाग दाखवला असता तुम्हाला.

खुर्चीच्या पायांना लावायला तिनं बाजारातून मऊ चकत्या आणल्या होत्या. त्या महिन्याभरात गळून पडल्या. तेव्हा मीच पत्र्याच्या पेटीतून घोंगडीचा तुकडा काढून दिला. आमच्या सासऱ्यांनी मेंढरं राखली, त्यांच्या अंगावरची ती घोंगडी. अर्धी कसरीनं खाल्लेली, उरलेली कशाला ठेवली होती ते मलाही माहीत नाही. सुनेनं तिच्या गोल चकत्या कापल्या, गमानं चिकटवल्या, आणि त्या अजून हललेल्या नाहीत. सासऱ्यांच्या घोंगडीवर खुर्ची टाकून नातसून पुण्याशी बोलते, हे त्यांना दाखवायला हवं होतं.

खरं सांगते, मला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं. पण कौतुक मनात आणि तोंडात "एवढं काय जपायचं त्या फळ्यांना", अशी माझी तऱ्हा.

आता गेल्या नवरात्राचं. आमच्याकडं घट बसायच्या आधी घर धुतात. झाडतात-पुसतात नाही, धुतात. पितृपक्ष संपत आला की गोधड्या कालव्यावर जातात, भांडी अंगणात येतात, जाळ्या निघतात, आणि मग बादल्यावर बादल्या पाणी ओतून खराट्यानं घासून प्रत्येक खोली धुवून काढायची. एक कोपरा बिनधुतला राहिला तर मला घट बसवायला हात उचलत नाही. माझ्या आईनं असंच केलं, सासूनं असंच केलं.

सून तेव्हा दोन दिवस पुण्याला ऑफिसात जायची होती. निघताना म्हणाली, "वरच्या खोलीचं मी आल्यावर बघते, आई. तुम्ही जिना चढू नका." यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? काही नाही. पण आदल्या आठवड्यात मी एक ऐकलं होतं. मुलगा तिला सांगत होता की रोजचे चार तास बसमध्ये जातात, कंपनीतल्या एकाचा फ्लॅट चाकणला रिकामा होतोय. तिचं उत्तर काही मला ऐकू आलं नाही, कुकरची शिट्टी झाली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती पुण्याला गेली ती फ्लॅट बघायलाच गेली, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. घरात एकटी बसले आणि खालच्या तीन खोल्या धुऊन काढल्या. राग असला की माझ्या हाताला दुप्पट जोर येतो. मग वरची खोली दिसायला लागली. देवी बसणार खाली, आणि तिच्या डोक्यावर ती खोली बिनधुतली?

चार बादल्या पाणी मी जिना चढून नेलं. गुडघे कुरकुरत होते तरी नेलं. वर धुण्याची पावडर टाकली आणि खराट्यानं असं घासलं की काय सांगू. पाणी दाराकडं ओढून गच्चीवर काढायचा माझा बेत होता, पण त्यातलं निम्मं पाणी दारापर्यंत आलंच नाही. भिंतीच्या कडेनं गेलं कुठंतरी. मला वाटलं, बघा, पाणी जायची केवढी सोय करून ठेवलीय. त्या मिस्त्रीचं मी मनातल्या मनात कौतुकही केलं. मग खोली पुसली, खिडकी उघडली, उदबत्ती लावली आणि खाली येऊन समाधानानं भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर पायाखाली चप् चप् वाजलं. दोन फळ्यांच्या मधून बुडबुडा आला. आणि जागोजाग सांधे वर आलेले, भाकरीला पापुद्रा सुटतो तसे. मी एका सांध्यावर उभी राहिले तर तो खाली गेला आणि शेजारचा वर आला. खालून पाटा आणला, एका जागी ठेवला. वरवंटा दुसऱ्या जागी ठेवला. लोणच्याच्या दोन बरण्या आणल्या. अंगणवाडीत पोरांना रांगेत बसवताना एकाला बसवावं तर दुसरं उठावं, तशी गत. शेवटी मी त्या सगळ्यावर सतरंजी अंथरली आणि खाली आले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दुपारी चारला सून आली. पाय धुतले, पाणी प्याली, वर गेली. मी चुलीपुढं उभी राहून कान टवकारले. ओरडण्याचा आवाज नाही, हाक नाही, काहीच नाही. ते मला सोसेना. मी वर गेले. सतरंजी घडी करून ठेवलेली, बरण्या भिंतीकडेला सरकवलेल्या, आणि ती उकिडवी बसून फळीवर तळवा ठेवून होती.

"पाणी किती ओतलं होतं, आई?" तिनं विचारलं. डॉक्टर विचारतो तसं, रागाचा लवलेश नाही.

ती चिडली असती तर मी दबले असते. शांत माणसापुढं माझं काही चालत नाही आणि मग माझी जीभ सुटते. मी म्हणाले, "असली कसली तुझी जमीन, पाण्याला भेणारी? आमच्या घरात घट बसतो, घर धुवावंच लागतं. न्हाई पटत तर जा की चाकणला. तुमचं ठरलेलंच हाय, मला काय ऐकू येत न्हाई व्हय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या गोष्टीची दोन वर्षं रात्रंदिवस धास्ती घेतली, तीच मी माझ्या तोंडानं तिच्या हातात दिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ जरासे हलले. मग म्हणाली, "बरं."

बरं म्हणजे काय? बरं, जाते? की बरं, ऐकलं? त्या एका शब्दावर मी पुढं दहा-बारा दिवस काढले.

संध्याकाळी मुलगा आला, त्यानं जमीन बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, "आई, तुला सांगितलं व्हतं. आन् तुमच्या दोघींच्या मधी मी पडत न्हाई." जेवला आणि झोपला. शहाणा आहे, बापावर गेलाय.

दुसऱ्या दिवशी घट. मी माती चाळून पत्रावळीवर पसरली, गहू पेरले, घट मांडला, पानाची माळ चढवली. आरती म्हणताना वरून ठकठक ऐकू येत होती. सून आरतीला खाली आली, हात जोडले, प्रसाद घेतला आणि पुन्हा वर गेली. तिनं जमिनीसाठी सुट्टी टाकली होती. वर जायला मला तोंड नव्हतं. तरी थोड्या वेळानं गेलेच.

तिनं पदर, म्हणजे ओढणी, कमरेला खोचली होती. भिंतीच्या कडेच्या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरनं हलक्या हातानं सुट्या केल्या होत्या, एकही मोडलेली नव्हती. आता शेवटच्या ओळीपासून ती एकेक फळी तिरकी उचलत होती. अर्धवट कोनात आणून जरा हलवली की फळी अलगद सुटून हातात यायची. प्रत्येक फळीच्या पाठीवर पेन्सिलीनं ओळ कितवी आणि फळी कितवी ते लिहायची, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि गच्चीवर पत्र्याच्या सावलीत उभी करायची.

"उन्हात लवकर वाळतील की," मी दारातून म्हणाले.

"उन्हात वाकतात," ती म्हणाली. तिनं पुढची फळी उचलली.

हे तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. ज्या दिवशी मिस्त्री आले होते, त्या दिवशी मी त्यांच्या चुका शोधत होते आणि ही त्यांचे हात बघत होती. एवढाच फरक. पण केवढा मोठा फरक तो. मी तिथं उभी होते आणि मला माझ्या रिकाम्या हातांची लाज वाटली. मग मी खाली बसले आणि हात पुढं केला. तिनं क्षणभर बघितलं आणि फळी माझ्या हातात दिली.

पन्नासेक फळ्या होत्या. ती काढायची, मी पुसायची आणि नेऊन ठेवायची. फोमचा कागद निथळत निघाला, तो कपड्यांच्या दोरीवर टाकला. खालचा स्लॅब ओलाकिच्च होता. त्यावर रात्रंदिवस पंखा लावून ठेवला. दुपारपर्यंत आम्ही दोघी घामानं भिजलो, पण बोलणं "ही धरा" आणि "तिकडं ठेव" याच्या पुढं गेलं नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. चुकलं म्हणायला मी चारदा तोंड उघडलं आणि चारदा पाणी प्यायला गेले.

वरची खोली वाळेपर्यंत सून खाली बसून काम करू लागली, घटाच्या शेजारीच, पाटावर कॉम्प्युटर ठेवून. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं ती दिवसभर काय करते ते. फोनवर माणसं तिच्यावर खेकसायची. हिंदीत खेकसायची, इंग्रजीत खेकसायची. ही सगळं ऐकून घ्यायची, मग हळू आवाजात एकेक गोष्ट समजावून सांगायची, आणि शेवटी पलीकडचा माणूस थँक्यू म्हणूनच फोन ठेवायचा. मी वाती वळत ऐकत बसायची. मनात म्हणायची, अगं, तू या परक्यांशी अशी बोलतेस, आणि मी तुझ्याशी काय बोलले? अंगणवाडीत कुणा पोरानं दुसऱ्याला "जा आमच्यातून" म्हटलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.

पाचव्या माळेला जमीन परत बसली. चांगल्या फळ्या तिनं मधे घेतल्या, थोड्या फुगलेल्या कपाटाखाली आणि पलंगाखाली घातल्या. नऊ फळ्या मात्र खाचेत बसायलाच तयार नव्हत्या, त्यांच्या कडा फुटून भुसा बाहेर आला होता. जास्तीची फळी घरात एकही नव्हती. त्यामुळं खिडकीखालच्या दोन ओळी उघड्याच राहिल्या, खालचं सिमेंट दिसत होतं. बाकी खोलीत तुम्हाला सांगूनही कळलं नसतं की इथं काही झालं होतं.

सातव्या माळेला तिनं माझ्या हातात फडकं दिलं. "पिळून दाखवा."

मी सगळी ताकद लावून पिळलं आणि विजयी मुद्रेनं परत दिलं. तिनं ते घेतलं, पुन्हा पिळलं. त्यातून चार थेंब पडले. मला हसू आलं, तिलाही आलं, पण तिनं ते लगेच आवरलं. मग फडकं झटकत म्हणाली, "पाण्याचं मला काही वाटलं नाही, आई."

कशाचं वाटलं ते ती बोलली नाही. मला सांगायची गरजही नव्हती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. नाही बोलले. फळीच्या लांबीनं पुसत राहिले, मागं वळून वाळलं का बघत राहिले.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आळेफाट्याला जाऊन फळ्या आणूया. आणूया म्हणाली, आणते नाही म्हणाली, म्हणून मी लुगडं बदलून तयार झाले. कळंबपर्यंत रिक्षानं, तिथून एसटी. नारायणगावला गाडी भरली आणि आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर बसावं लागलं. मी तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघत होते. या बाईला घरात ठेवायला मी काय केलं? काही नाही. तिनं एक खोली मागितली होती आणि तीच मी पाण्यात घातली. ती चाकणला गेली तर कुणाला दोष देऊ? मुलाचे चार तास वाचतील, तिला हवं तसं घर मिळेल. मला मात्र सकाळी उठून कुणाला चहा हवा का विचारायला माणूस उरणार नाही. भिंतींना विचारू?

दुकान गॅरेजांच्या रांगेत होतं, बाहेर ट्रक लागलेले. सुनेनं पिशवीतून फुटक्या फळीचा तुकडा काढला. दुकानदारानं तो उजेडात धरला.

"हा रंग बंद झाला, ताई," तो म्हणाला. "कंपनी दर दोन वर्षांनी रंग बदलती. माझ्याकडं शेवटची चार खोकी पडल्यात. तुमचं काम एकात भागंल. पण मी म्हणतो, ज्याला पुढं लागणार त्यानं आत्ताच जास्तीचं घेऊन ठेवावं. मधीच एखादी फळी गेली तर पुन्हा ह्या रंगाची मिळायची न्हाई."

"जास्तीची किती घ्यावीत?" सुनेनं विचारलं.

"ते तुमच्यावर हाय. किती वर्षं ऱ्हाणार त्या घरात?"

 काउंटरवरचा तो तुकडा सुनेनं दोन बोटांनी फिरवला, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "ते आईंना विचारा. घर त्यांचं आहे."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची टुंईटुंई चालू होती, तेवढाच आवाज. माझी जीभ, जी कधी कुणाची वाट बघत नाही, ती टाळ्याला चिकटली. सून माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या तुकड्याकडं बघत होती, आणि तिचं बोट थांबलेलं मला दिसलं.

मी दुकानदाराकडंच बघून बोलले. तिच्याकडं बघितलं असतं तर जमलं नसतं. "ती ऱ्हाणार," मी म्हणाले. "म्हंजे तिला ऱ्हायचं असंल तर. मी रागात जा म्हणले व्हते तिला. ते चुकलं माझं. मला तिच्याबिगर करमत न्हाई. ती असली की घर घर वाटतं. मी हाय तवर तिनं ऱ्हावं, आन् मी गेल्यावर बी ते घर तिचंच हाय. दोन वर्षं झाली, मला हे बोलता आलं न्हाई."

दुकानदार बिचारा पेन कानामागं लावून उभा. त्यानं खाकरून घसा साफ केला. "मावशी, ते समदं बरोबर हाय," तो म्हणाला, "पर खोकी किती लिहू?"

सुनेनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं.

"चारही द्या," ती म्हणाली.